वेडी गाय आणि पिसाळलेली गाय

आज मी तुमच्याशी गुरांच्या एका रोगाविषयी बोलणार आहे. हा रोग आपल्या गावात नाही, जालना जिल्ह्यात नाही, आणि आजवरच्या नोंदी पाहता आपल्या देशातल्या गाईम्हशींतही तो आढळलेला नाही. मग जो रोग आपल्याकडे नाहीच, त्याच्यासाठी आमचा वेळ कशाला घेता, असे तुम्ही विचाराल. विचारणे रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आधी एक घडलेली हकीकत सांगतो.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझा एक विद्यार्थी भोकरदन तालुक्यातला. हुरड्याचे दिवस होते, आणि एका रविवारी त्याने मला आग्रहाने गावी नेले. आम्ही पोहोचलो तेव्हा गोठ्यापाशी दहाबारा माणसे जमलेली. त्यांची दुभती गाय कालपासून वैरणीला तोंड लावत नव्हती. तोंडातून लाळेची धार लागली होती. घोगऱ्या आवाजात ती एकसारखी हंबरत होती आणि मागचे पाय लटपटत होते. मुलाच्या चुलत्यांना वाटले, घशात काहीतरी अडकले असावे. त्यांनी कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घालून चाचपले. सापडले काहीच नाही. दात लागून बोटे मात्र खरचटली.

जमलेल्यांपैकी एकाने मला विचारले, "सर, ती इंग्लंडात आलती ती येडी गाय म्हंतेत, ती तर न्हाई ना ही?" मी उत्तर द्यायच्या आतच दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "काहून भेता? ते दुखणं गाईचं मांस खाणाराला व्हतंय. आपल्याला काय त्याचं?" हे ऐकून सर्वांचा जीव भांड्यात पडला. चुलत्यांनी धोतराला हात पुसला आणि सगळ्यांसाठी चहा आला. चहात दूध त्याच गाईचे होते.

खरे सांगतो, मीही गप्प बसलो. मला तरी त्याहून जास्त काय ठाऊक होते? परंतु मनातून चैन पडेना, म्हणून ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "मागच्या दोनतीन महिन्यांत तिला कुत्रं चावलं होतं का?" घरातल्या आजीबाईंना आठवले. दिवाळीच्या सुमारास एक परके कुत्रे गोठ्यात घुसले होते आणि त्याने गाईच्या नाकाडाला तोंड घातले होते. जखम लहान होती. हळद भरली आणि सगळे विसरून गेले. पशुवैद्य म्हणाले, "गाय पिसाळलेली आहे असं समजा. ज्यांनी तोंडात हात घातला त्यांचे हात आधी साबणाने धुवा आणि त्यांना आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या."

गाय तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या मेंदूचा नमुना तपासणीला गेला आणि पशुवैद्यांचा अंदाज खरा ठरला. चुलत्यांनी सगळी इंजेक्शने वेळच्या वेळी घेतली आणि ते आज खणखणीत आहेत. पण तो फोन झाला नसता तर? एका चुकीच्या नावाने आम्हा सगळ्यांची भीती घालवली होती, आणि भीती जायला नको होती ती नेमकी त्याच वेळी गेली होती. म्हणून ही दोन दुखणी निरनिराळी ओळखता आली पाहिजेत, असे मला वाटू लागले. मी काही पशुवैद्य नाही. जे जाणकारांना विचारले आणि वाचले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्याने 'वेडी गाय' म्हणजे काय ते पाहू.

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स नावाचा परगणा आहे. तिथल्या एका गोठ्यात १९८४ च्या डिसेंबरात एक गाय विचित्र वागू लागली. तिने पाठीची कमान केली, वजन उतरले, पुढे डोके थरथरू लागले आणि पाय एकमेकांत अडकू लागले. थोड्याच आठवड्यांत ती मेली. मग तशा आणखी गाई निघाल्या. गरीब गाय धार काढताना लाथा झाडू लागे, दारातून आत यायला बिचके, सपाट जमिनीवर अडखळे. १९८६ च्या नोव्हेंबरात सरकारी प्रयोगशाळेत अशा गाईंच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कारण दिसले. अनारशाला जाळी पडते तशी मेंदूला बारीक भोकांची जाळी पडली होती. शास्त्रज्ञांनी या रोगाला 'बोव्हाइन स्पॉन्जिफॉर्म एन्सेफॅलोपथी' असे लांबलचक नाव दिले; थोडक्यात बी. एस. ई. लोकांच्या तोंडी मात्र 'मॅड काऊ' हेच नाव बसले. इंग्रजीत पिसाळलेल्या कुत्र्यालाही 'मॅड' म्हणतात आणि या गाईलाही 'मॅड'च म्हणतात. आपल्या घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

हा रोग आला कुठून? १९८७ सालच्या अखेरीस तपास करणाऱ्यांच्या हाती धागा लागला. आजारी गाई वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या मालकांच्या. पण त्यांच्या गव्हाणीत एक वस्तू सारखी होती. ती म्हणजे खुराकात मिसळलेला मांसाचा व हाडांचा चुरा.

इथे माझा विषय येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. तिकडची दुभती गाय दिवसाला वीसवीस-तीसतीस लिटर दूध देणार. एवढे दूध नुसत्या गवतावर निघत नाही, तिला प्रथिनांचा खुराक लागतो. सोयाबीनची पेंड बाहेरदेशाहून आणायची म्हणजे पैसे मोजावे लागणार. दुसरीकडे कत्तलखान्यांत मुंडकी, हाडे, आतडी यांचे ढीग पडत. कारखानदार ते ढीग नेत, मोठ्या कढयांत उकळत, वर आलेली चरबी साबणाला विकत आणि खाली उरलेला सुका गाळ दळून त्याचा चुरा करत. त्यात प्रथिने भरपूर आणि किंमत कमी. टाकाऊ वस्तू खपली, खुराक स्वस्त झाला, दूध वाढले. हिशेबाच्या वहीत सगळे चोख होते. फक्त गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटी आपण त्याच्याच जातीचे अवशेष घालत आहोत, ही बाब कोणत्याच रकान्यात लिहिलेली नव्हती.

एका रोगी गाईचे मुंडके त्या कढईत गेले की तिचा रोग चुऱ्याच्या पोत्यांतून शेकडो गोठ्यांत पोहोचे. त्यांतल्या गाई पुढे कत्तलखान्यात गेल्या की पुन्हा तीच कढई आणि तीच पोती. रहाटगाडगे सुरू झाले ते असे.

१९८८ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने रवंथ करणाऱ्या जनावरांना हा चुरा घालण्यास बंदी केली. पण रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत सरासरी चार-पाच वर्षे जातात. त्यामुळे बंदीनंतरही आकडा चढतच राहिला, आणि एकट्या १९९२ साली छत्तीस हजारांहून अधिक गाई रोगी निघाल्या. आणखी एक गोष्ट झाली. डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात हा चुरा चालत होता, आणि ते खाद्य त्याच गिरणीत, त्याच यंत्रांवर तयार होई. यंत्राला चिकटलेली चिमूटभर पूड गाईच्या खुराकात जाई. तेवढीही पुरेशी होती. बंदीनंतर जन्मलेली हजारो जनावरे अशी रोगी झाली. शेवटी १९९६ मध्ये सगळ्याच पाळीव जनावरांच्या खाद्यातून हा चुरा हद्दपार झाला. तोवरच्या आणि नंतरच्या मिळून एक लक्ष ऐंशी हजारांवर गाईबैलांना रोग झाल्याचे सिद्ध झाले, आणि रोग थोपवण्यासाठी सुमारे चव्वेचाळीस लक्ष जनावरे मारावी लागली.

आता माणसाचे. रोग गुरांत पसरत होता तेव्हा, 'आमचे गोमांस निर्धोक आहे,' असे तिथले सरकार लोकांना सांगत होते. १९९० च्या मे महिन्यात तर खुद्द कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला. त्यानंतर सहा वर्षांनी, २० मार्च १९९६ रोजी, आरोग्यमंत्र्यांना पार्लमेंटात उभे राहून सांगावे लागले की काही तरुण माणसांना मेंदूचा एक नवा रोग झाला आहे, आणि त्याचा संबंध बहुधा रोगी गाईंच्या मांसाशी आहे. त्याला 'व्हेरिअंट क्रॉइट्झफेल्ट-याकोब' रोग म्हणतात. आधी मन उदास होते, मग तोल जातो, मग स्मृती जाते आणि वर्ष-सव्वा वर्षात माणूस जातो. औषध नाही. ब्रिटनमध्ये या रोगाने सुमारे एकशे ऐंशी माणसे गेली आणि ती बहुतेक ऐन तारुण्यातली होती. साऱ्या जगाचा आकडा सव्वादोनशेच्या थोडा वर जातो.

एवढ्या मोठ्या देशात दीडपावणेदोनशे म्हणजे काही फार नाही, असे कोणी म्हणेल. आकडा लहान राहिला तो चुरा बंद केला म्हणून आणि मेंदू, मज्जारज्जू यांसारखे भाग माणसाच्या अन्नातून काढून टाकले म्हणून. ते झाले नसते तर आकडा कुठवर गेला असता, याची कल्पना करवत नाही.

आता तुम्ही विचाराल, कत्तलखान्यातले सगळे उकळून घेत होते ना? मग रोगाचे जंतू मेले कसे नाहीत? हीच या रोगाची खरी मेख आहे.

आपल्याला ठाऊक असलेले रोग जिवंत जंतूंनी किंवा विषाणूंनी होतात. हा रोग कोणत्याही जंतूने होत नाही. आपल्या आणि जनावरांच्या मेंदूत एक प्रथिन असते. ते निरुपद्रवी असते. प्रथिन म्हणजे एक लांब धागा, ठरावीक पीळ घालून गुंडाळलेला. कधीतरी एखाद्या धाग्याला उलटा पीळ पडतो. असा बिघडलेला धागा शेजारच्या सरळ धाग्याला लागला की त्यालाही उलटा पीळ पडतो, तो तिसऱ्याला बिघडवतो, आणि वर्षानुवर्षे असे होत मेंदू पोखरला जातो. अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रूझिनर यांनी १९८२ साली या बिघडलेल्या प्रथिनाला 'प्रायॉन' असे नाव दिले. ज्यात जीवच नाही ते रोग कसा पसरवील, म्हणून पुष्कळ विद्वानांनी तेव्हा ते मानले नाही. पुढे पुरावा साठत गेला आणि १९९७ मध्ये प्रूझिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे म्हण आहे : सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ही म्हण प्रायॉनला शब्दशः लागू पडते. उकळत्या पाण्याने तो जात नाही, फॉर्मलिनने जात नाही, जमिनीत वर्षे काढतो. जे जिवंतच नाही त्याला मारणार कसे? म्हणून कढई कितीही रटरटली तरी पीळ तसाच राहिला.

प्रायॉनचे इतर रोग आधीपासून माहीत होते. मेंढ्यांना 'स्क्रेपी' नावाचा रोग होतो. मेंढीला अशी खाज सुटते की ती कुंपणाला अंग घासघासून लोकर उपटून काढते. इंग्लंडात त्याची नोंद १७३२ सालापासूनची आहे, आणि आपल्या हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो आढळल्याचे १९६१ साली प्रसिद्ध झाले होते. स्क्रेपी मेंढीपासून माणसाला झाल्याचे मात्र दिसून आलेले नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे नावाची जमात आहे. मेलेल्या आप्ताचे शरीर मातीत कुजू देण्यापेक्षा आपल्यात सामावून घ्यावे, अशा भावनेने ते लोक अंत्यविधीत मृताचे अवशेष खात. त्यातून 'कुरू' नावाचा थरकापाचा रोग पसरला आणि बायका-मुले अधिक बळी पडली. १९६० च्या सुमारास ती चाल बंद झाली आणि रोग ओसरत गेला. तरी काहींना तो चाळीस-पन्नास वर्षांनी झाला. फोरे लोकांनी मायेपोटी केले, इंग्रजांनी नफ्यापोटी केले. प्रायॉनला हेतूशी कर्तव्य नसते.

आता आपल्या गोठ्याकडे वळू.

भारतातील गुरांत बी. एस. ई. आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० च्या मे महिन्यात भारताला या रोगाच्या बाबतीत 'नगण्य धोका' असलेल्या देशांच्या यादीत घेतले. याचे श्रेय कोणाला? मला विचाराल तर आपल्या गव्हाणीला. आपल्या जालन्याचीच गोष्ट घ्या. शेतात कापूस पिकतो, जिनिंगमध्ये सरकी निघते, तेलाच्या गिरणीत सरकीचे तेल आणि ढेप होते, आणि ढेप गाईपुढे येते. तुरीची चुनी, हरभऱ्याचा भुसा, मक्याचा भरडा, ज्वारीचा कडबा. आपल्या गाईला मिळणारा टाकाऊ माल हा झाडपाल्याचा टाकाऊ माल आहे. माणसाने धान्य घ्यावे, गाईने ताट घ्यावे, आणि शेणाने पुन्हा शेत पोसावे, हे चक्र आपल्या वाडवडिलांनी बसवले. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी खाऊ घालतो. त्यातही गहू, हरभरा आणि गूळच असतो.

आणि दूध? दुधातून हा रोग माणसाला होतो असा पुरावा सापडलेला नाही. इंग्लंडातही दूध बंद झाले नव्हते.

तथापि, श्रोतेहो, 'आपल्याकडे नाही' हे काही गळ्यात बांधलेले ताईत नव्हे. म्हाताऱ्या गाईत हा रोग क्वचित आपोआपही उद्भवतो, असे अलीकडे युरोपात व इतरत्र दिसून आले आहे. लाखो गाईंत एखादीला, बाहेरून काही न होता, उलटा पीळ पडतो. ती गाय एकटी मरते आणि रोग तिच्याबरोबर संपतो. परंतु तिचा मेंदू आणि हाडे खुराकात गेली तर? मग त्या एका गाईच्या हजार गाई होतात. रोग कुठेही जन्मू शकतो. त्याची साथ मात्र गव्हाणीतून येते.

म्हणून कायदा आहे. दुधाच्या व मांसाच्या जनावरांना मांस, हाडे, रक्त किंवा गुरांचे इतर अवशेष असलेले खाद्य घालू नये, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. कोंबड्या, डुकरे व मासे यांना त्यातून वगळले आहे. इंग्लंडातल्या गिरणीची गोष्ट आठवा, म्हणजे या वगळण्यात आपल्यासाठी काय सावधगिरी आहे ते कळेल. कोंबडीचे खाद्य कोंबडीला. उरले म्हणून ते गाईच्या आंबोणात ओतू नका.

दुष्काळ पडला की शहाणा माणूसही चुकतो. २०१२-१३ साली आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. दावणीची जनावरे कशी जगवावी हा घराघरातला प्रश्न होता. अशा वेळी कोणी स्वस्त खुराकाचे पोते दारात आणून टाकले तर ते नाकारायला छाती लागते. तरीही विचारा. पोत्यावर कारखान्याचे नाव आहे काय? घटक लिहिलेले आहेत काय? भारतीय मानक संस्थेची खूण व गुरांच्या खाद्याचा आय. एस. २०५२ हा आकडा आहे काय? ज्या पोत्याला नावगाव नाही, ते दारातूनच परत करा. आडात असेल तेच पोहऱ्यात येते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. उन्हाळ्यात गाई माळावर हाडे चघळत उभ्या राहतात, चपला आणि चिंध्यासुद्धा खातात. आपण म्हणतो, 'वाईट खोड लागली.' ती खोड नव्हे, ती भूक आहे. वाळल्या चाऱ्यात स्फुरद कमी पडते आणि अंग ते हाडांतून शोधते. अशा कुजक्या हाडांतून विषबाधा होऊन जनावर लुळे पडते आणि दगावते. हा धोका आज, इथे, आपल्या माळावर आहे. त्यावर उपाय म्हणजे पशुवैद्यांच्या सल्ल्याने रोज थोडे खनिज मिश्रण खुराकात घालणे. ते घेतानाही स्फुरद खनिजातले आहे की हाडांच्या चुऱ्यातले, हे विचारून घ्या. हाडांचे खत शेतात घालत असाल तर ते पोते गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवू नका.

आता मी ज्या गाईपासून सुरुवात केली तिच्याकडे येतो. इंग्लंडने मेलेल्या जनावरांचा चुरा करून जिवंतांना घातला. आपण मेलेल्या जनावराचे काय करतो? गावाबाहेर नेऊन टाकतो. पूर्वी ते खपून जाई, कारण वर गिधाडे होती. तासा-दोन तासांत सांगाडा कोरडा होई. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेल्यानंतरही जनावराच्या अंगात राही. ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि थोड्या वर्षांत बहुतेक गिधाडे नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण आभाळ अजून रिकामेच आहे. गिधाडांच्या जागी आता कुत्री बसली आहेत. टाकलेल्या जनावरावर त्यांची पैदास पोसते, आणि कुत्रे म्हटले की पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, आलाच. मेलेल्या जनावराची नीट विल्हेवाट न लावण्याची किंमत इंग्रजांनी एका रीतीने मोजली, आपण दुसऱ्या रीतीने मोजत आहोत.

तेव्हा ओळख नीट पटवून घ्या. वेडी गाय सावकाश खंगते. आठवडे, महिने जातात. पिसाळलेल्या गाईचा खेळ बहुधा आठदहा दिवसांत आटोपतो. पिसाळलेल्या गाईची लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, ती एकसारखी हंबरते, कधी अंगावर येते, कधी नुसतीच मलूल पडते. कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा मुंगसाने केलेली जखम दिसेलच असे नाही. चावून महिने लोटलेले असू शकतात. वेड्या गाईच्या नुसत्या स्पर्शाने काही होत नाही. पिसाळलेल्या गाईची लाळ मात्र खरचटलेल्या कातडीला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली तर जीव जाऊ शकतो. आणि एक फरक आपल्या बाजूचा आहे. प्रायॉनपुढे उकळते पाणीही हरते. रेबीजच्या विषाणूला साधा साबण भारी पडतो. प्रायॉनच्या रोगावर लस नाही. रेबीजवर आहे, आणि वेळेवर घेतली तर ती जीव वाचवते. एकदा लक्षणे उमटली की मात्र कोणाच्याच हाती काही उरत नाही.

म्हणून एवढे करा. गाय खात नसेल आणि लाळ गाळत असेल तर तिच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्यांना बोलवा. हात घातला गेलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने, एकही तारीख न चुकवता घ्या. हळद, चुना, मिरची, मंत्र यांत घटका घालवू नका. गुराला कुत्रे चावले तर जखम तशीच धुवा आणि त्यालाही लस टोचून घ्या. चावल्यानंतर देण्याची लस गुरांसाठीही आहे. संशयित गाईचे दूध कोणालाही देऊ नका. ते आधीच प्यायले गेले असेल तर घाबरू नका. उकळीने विषाणू मरतो. पण कोणी धारोष्ण, म्हणजे कच्चे दूध प्यायले असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि जनावर मेले की त्याचे कातडे न सोलता, कुत्र्यांना उकरता येणार नाही असा पुरुषभर खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. गावकीने मिळून अशी एक जागा ठरवली तर एकट्यावर खर्च पडणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पाठ्यपुस्तकात अन्नसाखळी असते. ती फळ्यावर काढताना गवत, गाय आणि माणूस यांवर थांबू नका. गाय मेल्यावर ती कुठे जाते, हा प्रश्न मुलांना विचारा. मुले घरी जाऊन तो आजोबांना विचारतील, गिधाडांच्या आठवणी निघतील, आणि मग कुत्र्यांची गोष्ट आपोआप येईल. कुत्रे चावल्याचे मुले माराच्या भीतीने लपवून ठेवतात. 'सांगितलेस तर मी रागावणार नाही,' एवढे वाक्य वर्गात एकदा बोललात तरी एखादे मूल वाचेल.

माझ्या विद्यार्थ्याचे चुलते मला अधूनमधून भेटतात. परवा जालन्याच्या बाजारात ढेपेचे पोते घेताना भेटले. दुकानदाराला ते विचारत होते, "ह्याच्यात काय काय हाय, वाचून दाखवा बरं." दुकानदार जरा चिडलाच होता. मला मात्र फार बरे वाटले.